‘बघू पुढे’ने कंटेनर अडतो

“अहो वहिनी, ऐकलंत का? आमच्या पिंपळगावच्या भाच्याची द्राक्षं रॉटरडॅमला पोचली आणि तिकडच्याने पैसे अडकवले!”

“अगंबाई! असं कसं?”

“न्हावाशेवाहून कंटेनर नीट गेला. तिकडे पेट्या उघडल्या, तर म्हणे मणीगळ आहे, देठ वाळलेत. हा म्हणतो, पॅकहाउसमधून निघाला तेव्हा देठ हिरवागार होता. वाटेत थंडावा कुठे कमी पडला, यावर घोडं अडलंय.”

“मग ठोकायची ना केस!”

“कुठे? नाशकात की नेदरलँड्सला? शिवाय पुढच्या हंगामातही गिऱ्हाईक तोच. करारात कलम आहे म्हणा, की आधी मध्यस्थी, नाही जमलं तर लवाद.”

“मग बसा की समोरासमोर.”

“तिथेच गोची आहे. कलमात नुसतं ‘सामोपचाराने मिटवू’. कोणत्या संस्थेकडे, किती दिवसांत, कुठे, खर्च कोणाचा, कशाचा पत्ता नाही. तो डचवाला मेलला उत्तरच देत नाही. वकीलबाई म्हणाल्या, लग्नाच्या बोलणीत ‘बघू पुढे’ म्हणतात ना, त्यातली गत.”

“पण कोर्ट सांगेल की त्याला, बस म्हणून.”

“कलम नेमकं असेल तर सांगेल. लंडनच्या कोर्टाने २००२ मध्ये केबल अँड वायरलेस आणि आयबीएमच्या भांडणात तेच सांगितलं. करारात संस्थेचं नाव होतं, तिची पद्धत पाळायची असं लिहिलं होतं. कोर्ट म्हणालं, आधी तिकडे जाऊन या.”

“बरं, मिटलं, सह्या झाल्या, तरी त्याने पैसे नाहीच दिले तर?”

“त्यासाठीच २०१९ साली सिंगापूरला आंतरराष्ट्रीय करार झाला. मध्यस्थीत ठरलेलं परदेशातही वसूल व्हावं म्हणून. पहिल्याच दिवशी ४६ देशांनी सह्या केल्या, त्यात आपणही. पण आपली पक्की मंजुरी अजून लटकलेली, आणि डचांची तर सहीसुद्धा नाही.”

“म्हणजे मुसळ केरात!”

“नाही हो. सिंगापुरात एक युक्ती चालते. आधी लवाद सुरू करायचा, तो थांबवून मध्यस्थासमोर बसायचं. जमलं, की तीच तडजोड लवादाचा निवाडा म्हणून लिहून घ्यायची. निवाड्यामागे १९५८ चा न्यूयॉर्क करार उभा असतो, तो आपणही मानतो आणि डचही.”

“मग भाच्याला सांगा, पुढच्या करारात हे लिही म्हणून.”

“लिहितोय! संस्था, मुदत, गाव, खर्चाची वाटणी, इतकंच काय, माल कोणी तपासायचा तेही. आता घरीही तेच चाललंय. सूनबाईने काल किराण्याची यादी दिली, तर म्हणतो कसा, ‘यात मुदत कुठे लिहिलीय?’”

“मग ती काय म्हणाली?”

“म्हणाली, ‘संध्याकाळी सातच्या आत. इथे मध्यस्थी नाही!’”