पलंगाखालचे डेलिया

नाशिकरोडला गॅलरीत झाड लावले की त्याला रोगाआधी सल्ला लागतो. इथे ज्याच्या त्याच्या नात्यागोत्यात, दिंडोरीकडे नाही तर निफाडकडे, कुणाची तरी द्राक्षबाग असतेच. त्यामुळे डेलियाच्या पानावर पांढरी पूड दिसायचा अवकाश, जिना उतरणारा माणूस थांबून सांगतो, "भुरी आहे, गंधक मारा." पान खालून बुरसटले तर केवडा, काळे ठिपके पडले तर करपा. निदान बहुधा बरोबर निघते. औषधाचे माप मात्र एकरी असते.

वरच्या मजल्यावरच्या अप्पांनी गेल्या पावसाळ्यात बोर्डो मिश्रण सांगितले. किलोभर मोरचूद, किलोभर कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. आमच्याकडे शंभर लिटर पाणी एकदम साठले तर सण असतो! भागाकार करत मी लिटरला दहा-दहा ग्रॅमवर आलो. "लोखंडी सुरी बुडवून बघा, तांबूस झाली तर चुना वाढवा," ही अप्पांची पुढची पायरी. त्यासाठी जुना खिळाही चालतो, हे मला स्वयंपाकघरातून जरा चढ्या आवाजात कळले.

या औषधाचा जन्म मोठा गमतीचा. फ्रान्समध्ये बोर्डोजवळ रस्त्याकडेच्या वेलींवरचे घड वाटसरूंनी तोडू नयेत म्हणून बागाईतदार त्यांवर मोरचूद-चुन्याचा निळा राडा शिंपडत. मियार्दे नावाच्या प्राध्यापकाला दिसले, की नेमक्या त्याच वेलींवर केवडा नाही. 1885 मध्ये त्याने ही कृती प्रसिद्ध केली. म्हणजे मूळ इलाज रोगावर नव्हता, शेजाऱ्यापाजाऱ्यांवर होता. माझ्या गॅलरीत तो त्याही कामी यावा, असे कधी कधी वाटते.

भुरीचे तंत्र वेगळे. केवड्याला ओले पान लागते, हिला नुसती दमट, कोंदट हवा पुरते. कुंड्या लांब लांब ठेवा म्हणतात. गॅलरी किती लांब आहे, ते कुणी विचारत नाही.

खरी पंचाईत कंदांची. थंड देशांतली पुस्तके बजावतात, हिवाळ्याआधी डेलिया उपटून कंद जपून ठेवा, नाही तर हिमाने कुजतील. आमच्याकडे निफाडचा पारा उतरल्याची बातमी छापून येते तेव्हा डेलिया ऐन फुलात असतो. आपण कंद काढायचे ते होळीच्या सुमाराला, आणि लपवायचे ते उन्हापासून, मग पावसापासून. हळद बरी, पाने वाळली की स्वतःच सांगते, काढा आता.

इथे कांद्याचे शहाणपण आडवे येते. चाळीतल्या कांद्याला वारा हवा, म्हणून मेहुण्यांनी कंद जाळीच्या पिशवीत टांगायला सांगितले. वाऱ्यावर डेलियाचा कंद सुरकुततो. त्याला जेमतेम ओलसर कोकोपीट, भोके पाडलेले खोके आणि घरातला सर्वांत गार कोपरा लागतो. आमच्या घरात तो पलंगाखाली आहे. कंदाचा डोळा अंगावर नसतो, मानेपाशी असतो. मान मोडली की कंद गुटगुटीत राहतो, पण कोंब म्हणून फुटत नाही. असे सद्गृहस्थ प्रत्येक कचेरीत एखाद-दोन असतात.

मेक्सिकोत हे कंद पूर्वी खात असत, असे मी एकदा जेवताना बोलून गेलो. आता आषाढी एकादशीच्या आदल्या रात्री मी खोके ओढून कंद मोजून ठेवतो.