नकाशा आणि वीट

जबलपुरात तिलवाऱ्याच्या प्लॉटवर घर बांधायचं ठरलं तेव्हा पहिलं भांडण वास्तुशास्त्रावरून होईल, अशी माझी अटकळ होती. ते झालं नकाशा कागदावर हवा की मोबाइलमध्ये, यावरून.

‘‘बाबा, हल्ली मंजुरीसुद्धा ऑनलाइन मिळते,’’ म्हणत मुलाने पीडीएफ ग्रुपवर टाकली. सौभाग्यवतींनी लगेच दोन बोटांनी स्वयंपाकघर ताणून दिवाणखान्याएवढं केलं. ‘‘अहो, एवढं पुरे!’’ १:१००च्या कागदावर एक सेंटिमीटर म्हणजे एक मीटर. पट्टी ठेवली की सगळे गप्प. मोबाइलवर माप बोटांच्या मर्जीने चालतं.

काका गन कॅरेज फॅक्टरीच्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त. कारखाना १९०४चा, पण काका बोलतात पायाभरणीला हजर असल्यासारखे. ट्रेसिंगवर रेघ चुकली की ब्लेडने खरवडायची, मग अमोनियाच्या वासात प्रिंट काढायची. त्या वासाने म्हणे सर्दी पळायची. त्यांची अजून गेलेली नाही.

‘‘१९३९ साली इथे त्रिपुरीला काँग्रेस भरली, तंबूंचं अख्खं नगर उभं राहिलं. कुणाची बॅटरी संपली होती का?’’ काकांनी विचारलं. त्या अधिवेशनात सुभाषबाबूंना जड गेला तो गोविंद वल्लभ पंतांचा ठराव, म्हणजे कागदच. पण हे मी बोललो नाही.

खरी पंचाईत निराळीच होती. सळई बांधणाऱ्याच्या फोनवर सोमवारचा नकाशा, प्लंबरच्या फोनवर शुक्रवारचा. बाथरूमचा पाइप देवघरातून निघायच्या बेतात होता. देव समजून घेतील. कॉलमचं तसं नाही. २२ मे १९९७चा भूकंप ज्याने पाहिला, तो जबलपूरकर सळई अंदाजाने बसवत नाही.

इथे मात्र काकांचं म्हणणं मला पटलं. त्यांच्या ऑफिसात म्हणे नकाशाच्या कोपऱ्यात सुधारणेचं अक्षर असे आणि जुना कागद जमा केल्याशिवाय नवा मिळत नसे. वीसजणांच्या फोनमधली जुनी पीडीएफ कोण जमा करून घेणार? मी निवाडा दिला: सरकारदरबारी पीडीएफ, साइटवर कागद, आणि तोही एकच.

काकांनी भलामोठा नकाशा छापून आणला, जमिनीवर पसरला. नर्मदेवरून वारं सुटलं. चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवल्या. त्यातली एक नेमकी जिन्यावर. मिस्त्री बराच वेळ वाकून बघत राहिला. ‘‘समझ गए, बाबूजी,’’ म्हणाला. खिशातून मोबाइल काढला, कागदाचा फोटो घेतला आणि सगळ्या कारागिरांना पाठवून दिला. विटेसकट.