निकालाचा रकाना

आमचे मामा नवी पेठेत रुमाल घ्यायला निघाले तरी चार दुकानं पालथी घालतात. तिघांकडे भाव विचारायचा, चौथ्याकडे चहा प्यायचा आणि रिकाम्या हाताने घरी यायचं. "घाई कशाला बे? बघून ठेवायला काय पैसे पडतेत?" बघून ठेवलेलं सगळं मग वहीत उतरतं. पंख्याची वही वेगळी, शेगडीची वेगळी. पट्टीने आखलेले रकाने ठरलेले: नाव, भाव, गुण, दोष, निकाल.

दातांची वही निघाली ती मुलीच्या साखरपुड्यानंतर. फोटोत मामा आणि व्याही शेजारी शेजारी हसत उभे. व्याह्यांचे दात शुभ्र, मामांचे चहात बुडवून काढल्यासारखे. मामा बराच वेळ फोटो बघत बसले आणि म्हणाले, "कवळी असंल." आडून चौकशी केली. कवळी नव्हती. दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही आली.

पहिल्या पानावर कडुलिंबाची काडी. मग राखुंडी, विको वज्रदंती, माकडछाप काळं दंतमंजन, सोडा-लिंबू, कोळशाची पेस्ट, दातांवर चिकटवायच्या पट्ट्या. कोळशाच्या पेस्टचा भाव लिहिताना मामांचा हात थबकला. "लहानपणी चुलीतला कोळसा फुकट होता. तेव्हा जाहिरात बघून पांढरी पेस्ट आणली. आता त्याच पेस्टमध्ये कोळसा घालून तिप्पट पैसे घेतेत!" आजीने आपली मिश्रीची डबी पुढे केली, तर मामांनी थेट दोषांच्या रकान्यात 'तंबाखू' लिहून लाल रेघ मारली. आजी म्हणाली, "पांढरे करून कुणाला चावायचंय तुला?"

नुसत्या वाचनावर मामांचा विश्वास नाही. त्यांनी कपाटातला कोरा पांढरा टॉवेल काढला. सोलापुरी टेरी टॉवेल, चादरीसारखंच भौगोलिक मानांकन मिळालेला. त्यावर ओळीने चहाचे सात डाग पाडले, वाळू दिले, आणि प्रत्येक डागावर एकेक औषध जुन्या ब्रशने मोजून पन्नास वेळा घासलं. मामी पाणी भरून आत आल्या. "काय करलालाव हो? नळाला पाणी येतंय चार दिवसांनी, अन् तुम्ही नवा टॉवेल बरबटवून ठेवलाव!" सोड्याने डाग सगळ्यात चांगला निघाला. टॉवेलचे धागेही निघाले. ही नोंद मामांनी प्रामाणिकपणे दोषांत केली.

शेवटी मीच त्यांना जुळे सोलापुरातल्या एका दंतवैद्य बाईंकडे नेलं. त्यांनी वही शांतपणे चाळली आणि टॉवेलच्या धाग्यांवर बोट ठेवलं. "काका, दाताचंही असंच होतं. वरचं इनॅमल खरखरीत पुडीने झिजतं, लिंबाने विरघळतं, आणि गेलं की परत येत नाही. त्याच्या खालचा थर मुळातच पिवळा. म्हणजे जास्त घासाल तितके जास्त पिवळे." मग त्यांनी दातांच्या रंगांची पट्टी काढली. एका ओळीत 16 नमुने. मामांचा चेहरा उजळला. साडीच्या दुकानातल्या सवयीने त्यांनी विचारलं, "बाहेर उजेडात बघू का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण बाई खूश. "बरोबर आहे, रंग दिवसाच्या उजेडातच बघावा." मग भर रस्त्यावर मामा ओठ फाकवून उभे, मी आरसा धरलेला, आणि रिक्षावाले वेग कमी करून बघतायत.

"एखादा नमुना घरी दाखवायला नेला तर?" हेही विचारून झालं.

मग पुढचा एक दात अडला. सात रस्त्याला लूनावरून पडले तेव्हाची ती कॅप. ब्लीचिंगचं पेरॉक्साइड दातात मुरून आतले डाग फिके करतं, कॅपचा रंग मात्र बदलत नाही. आधी दात उजळायचे, दोनेक आठवडे रंग स्थिरावू द्यायचा, मग त्याला जुळणारी नवी कॅप. मामांनी दोन नवे रकाने आखले. इतका आनंद त्यांना साखरपुड्यातही झाला नव्हता.

निघताना बाई म्हणाल्या, "एवढे दिवस चहा बंद. आणि रंग चढेल असं काही नको, हळद, लाल तिखट. शेंगाचटणीसुद्धा."

मामांनी पेनाला टोपण लावलं.

घरी येईपर्यंत एक शब्द नाही. ताटात कडक भाकरी, शेंगाचटणी, वर तेलाची धार. मामांनी भाकरी मोडली. आयुष्यात पहिल्यांदाच काहीही न ताडता, एका घासात निर्णय झाला. लग्नाच्या फोटोंतही ते तोंडभर हसलेत, व्याह्यांच्या अगदी शेजारी उभे राहून.

वही सध्या माझ्याकडे आहे. कुणाला हवी असेल तर घेऊन जा. काडीपासून पट्टीपर्यंत सगळं आहे, फक्त निकालाचा रकाना कोरा आहे. आणि वाचून झाली की परत आणून द्या, मामा मोजून ठेवतात.