होतंय की!

वडापाच्या, म्हणजे माणसं भरून नेण्याच्या धंद्यातून बाद झालेली जीप सातारा-सांगलीकडे थेट भंगारात जात नाही. वाटेत तिला जीपवाले आडवे येतात.

प्रत्येक तालुक्याला एक जीपवाले असतातच. वय पंचेचाळिशीच्या पुढे. पगार बँकेचा किंवा शाळेचा, नाहीतर तासगावकडे थोडी द्राक्षबाग. पोरं पुण्याला शिकायला. दारात हप्त्यावरची एक पांढरीशुभ्र मोटार उभी असते, पण ती लग्नकार्याला आणि औदुंबरला जाण्यापुरती. “गाडी कुठाय?” असं विचारलं की जीपवाले घरामागच्या पत्र्याच्या शेडकडे बोट दाखवतात. तिथं विटांच्या थप्प्यांवर एक सांगाडा विसावलेला असतो. चाकं वेगळी, बॉनेट वेगळं, आणि मागच्या बाकाखाली कोंबडीनं अंडी घातलेली. जीपवाल्यांच्या मते गाडीचं काम “निम्म्याच्या वर” झालेलं असतं.

गाडी घेण्याचा दिवस मात्र कुणीही पाहावा असा. विकणारा विट्याकडचा, पिढीजात व्यवहारी. तो गाडीची तारीफ करत नाही, फक्त बॉनेटवर थाप मारतो. “मालक, एवढ्या पैशात आज म्हशीचं रेडकू येत नाही.” झालं! जीपवाल्यांनी मनातल्या मनात त्या लोखंडाला दावं बांधलेलं असतं. सेल्फ लागत नाही म्हणून पाच हजार कमी होतात आणि गाडी सुरूच होत नाही म्हणून आणखी दोन. आपण विकणाऱ्याला नागवलं, या आनंदात ते ट्रॅक्टरमागे दोर बांधून ती घरी ओढत आणतात. ट्रॅक्टरचं भाडं किमतीत धरायचं नसतं.

गाडी निव्वळ जुनी असती तर प्रश्न सोपा होता. या भागातली जीप अनेक हातांतून, अनेकांच्या हौशीतून आलेली असते. कागदावर ती महिंद्राची एमएम ५४० असते, म्हणजे १९८५ च्या सुमारास बाजारात आलेली, फ्रेंच प्युजोच्या घराण्यातलं २,११२ सीसीचं डिझेल इंजिन असलेली. पण मधल्या एका पुढाऱ्यानं पुढे लोखंडी कठडा, रुंद टायर आणि पाच भोंगे बसवले. त्याच्याकडून ती वडापवाल्याकडे गेली. त्यानं माणसं मावेनात म्हणून मागून वीतभर चेसिस वाढवली आणि टपावर कॅरिअर जोडला. तिसऱ्यानं मूळ इंजिन काढून दुसरंच बसवलं. तेव्हा मिस्त्री एकेक थर खरवडू लागला की आत काय काय निघतं! रंगाखाली लांबी, लांबीखाली पत्रा, पत्र्याखाली गंज आणि गंजाखाली पुन्हा लांबी. सरकारी खात्याच्या रंगाचा एक टवका निघतो तेव्हा जीपवाले तो कागदात गुंडाळून ठेवतात.

मिस्त्री हा या गोष्टीतला दुसरा मोठा माणूस. तो कधीही “नाही” म्हणत नाही. चेसिसला तडा गेलाय? “होतंय की.” गिअरबॉक्सचे दात गेलेत? “होतंय की.” कधी, हे मात्र तो सांगत नाही. द्राक्षाचा हंगाम आला की त्याच्याकडे फवारणीच्या ब्लोअरची रांग लागते, ऊस सुरू झाला की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची. ती पोटापाण्याची कामं. जीप त्यांच्या मागे.

खरी मौज जीपवाल्यांच्या हिशेबाच्या वहीत आहे. पहिल्या पानावर “एकूण बजेट ७०,०००” असं लाल शाईनं लिहिलेलं असतं आणि सांगायला आनंद वाटतो, की ते आजतागायत ओलांडलेलं नाही. कारण बॅटरी दिवाळीच्या खरेदीत गेली. ताडपत्रीचं हूड बेदाण्याच्या शेडच्या खर्चात बसलं. टायर ही “कुठल्याही गाडीला लागणारी वस्तू”, म्हणून ते धरायचे नाहीत. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर दोन बुशिंगं करून घ्यायला गेले तो खर्च अंबाबाईच्या दर्शनात जमा. वहिनी बँकेत अकाउंटंट असत्या तरी हा ताळेबंद त्यांना फोडता आला नसता. पण त्यांना आकडे लागतच नाहीत. “अहो, शेडात पाय ठेवायला जागा करा, सरपण भिजतंय,” एवढ्या एका वाक्यात त्या लेखापरीक्षण उरकतात.

पाहुणा आला की जीपवाल्यांचं व्याख्यान सुरू होतं. महिंद्रा ही कंपनी १९४५ साली ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ म्हणून निघाली, त्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात जाऊन अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले, मग १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं, हे सगळं ते चहा येईपर्यंत सांगून टाकतात. त्यात चूक काही नसते. चूक एवढीच, की पाहुणा लग्नपत्रिका द्यायला आलेला असतो.

हे वेड या मातीला नवं नाही. किर्लोस्करवाडीला १९१० साली कारखाना उभा राहिला, साताऱ्यात १९२२ पासून कूपरचा कारखाना. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सनं साताऱ्यातच ‘प्रिया’ बनवली. लोखंड कापणारे, ओतणारे, जोडणारे हात इथं पिढ्यान्‌पिढ्या तयार होत आले. जीपवाल्यांच्या शेडात कोपऱ्यात एक प्रियाही असतेच. तोही प्रोजेक्ट निम्म्याच्या वर झालेला आहे.

याच मुलखात खरोखर गाडी पुरी करणारा माणूसही झाला, हे सांगायलाच हवं. सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथले दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून, सुमारे ६० हजार रुपयांत, छोटी जीपसारखी चारचाकी घडवली आणि तिला दुचाकीसारखी किक बसवली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रा यांनी तिचं जाहीर कौतुक केलं. सोबत स्पष्ट सांगितलं, की नियमांत बसत नसल्यानं ही गाडी आज ना उद्या रस्त्यावर अडवली जाईल. म्हणून त्यांनी बदल्यात बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती लोहारांच्या दारात आली. तेव्हापासून जीपवाले मधूनमधून फोन काढून बघतात, आपलं कुणी काही लिहिलंय का. लोहारांनी गाडी चालवून दाखवली होती, हा बारीक फरक त्यांना कुणी सांगत नाही.

आणि सांगून उपयोगही नाही, कारण पुढे आरटीओ बसलेलं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्यानं दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावलं. पंधरा वर्षांनंतर नोंदणी नव्यानं करायची, पर्यावरण कर भरायचा. चारचाकीच्या नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झालं आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीला ते १०,००० झालं. “मग व्हिंटेजमध्ये घालू की,” असं जीपवाले म्हणतात. पण २०२१ च्या त्या नियमांना गाडी पन्नास वर्षांहून जुनी लागते, शिवाय मूळ रूपात लागते. म्हणजे पुढाऱ्याचे भोंगे चालत नाहीत, वडापवाल्याची वीतभर चेसिस चालत नाही आणि तिसऱ्याचं इंजिन तर नाहीच. गाडी जितकी रंगतदार, तितकी पासिंगला अवघड.

तरीही एक कबूल करावं लागेल. संध्याकाळी शेडात दिवा लागला की गल्लीतली चार पोरं तिथं जमतात. त्यांना नट-बोल्टचे आटे कळतात, वेल्डिंग आणि ब्रेझिंग यातला फरक कळतो, इंजिनाचा आवाज ऐकून नोझल बिघडलाय की वॉल्व, हे कळतं. यातला एखादा पुढं चाकणच्या कारखान्यात लागतो. जीप सुरू झाली नाही तरी शेड बिनकामाचं नाही, असा निकाल द्यायला हरकत नसावी. वहिनी तो मान्य करतील की नाही, हा भाग वेगळा.

वाचकांपैकी कुणाला हा शौक करायचाच असेल तर विट्याच्या माळावर गाडी बघायला जाताना दोन गोष्टी न्या: घासपेपर आणि टॉर्च. बॉनेटवर थाप मारू नका, हूड बघू नका, रंग तर नकोच. आधी चेसिसवर घासपेपर मारा आणि त्यावरचा नंबर आरसी बुकातल्या नंबराशी एकेक आकडा लावून बघा. इंजिनाचा नंबरही तसाच. जुळले नाहीत तर त्या पैशात खरंच रेडकू घ्या.