साठ वळणं, तीन सिलिंडर

संयुक्त अरब अमिरातीत माणसाची ऐपत ओळखायला फार खटाटोप करावा लागत नाही. तो गाडी लावून खाली उतरेपर्यंत थांबलं की झालं. गाडीच्याही आधी तिची नंबरप्लेट बोलते. एप्रिल २०२३मध्ये दुबईतल्या एका धर्मादाय लिलावात ‘पी ७’ एवढाच मजकूर असलेली पाटी साडेपाच कोटी दिरहमना गेली. नुसती पाटी! मागे गाडी नाही. दुबई पोलिसांच्या ताफ्यातल्या बुगाटी वेरॉनचा ताशी ४०७ किलोमीटर वेग गिनेस बुकात नोंदला गेला. अशा देशात आमच्याकडे बाराशे सीसीची, तीन सिलिंडरची, पाच आकडी नंबराची एक हॅचबॅक आहे. नंबरातले पाचही आकडे वेगवेगळे. लिलावात ही पाटी मांडली तर लोक उठून चहाला जातील.

गाडीच्या कंपनीचं नाव सांगत नाही. उद्या गाडी विकायची आहे.

घेतली ती कायमचं परत निघालेल्या एका कुटुंबाकडून. इथे दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी देश सोडत असतं आणि सोफ्यापासून मिक्सरपर्यंत सगळं इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावर विक्रीला लागतं. आमच्या गाडीची जाहिरात होती : ‘लेडी ड्रिव्हन, नो ॲक्सिडेंट, जीसीसी स्पेक.’ यातलं तिसरं महत्त्वाचं. जीसीसी स्पेक म्हणजे आखातातल्या उन्हाचा विचार करून बनवलेली गाडी. थंड राहायची सोय जास्त, एसी दमदार. पहिल्या मुद्द्याबद्दल बायकोचं मत असं की, गाडी बाईनं चालवली म्हणून किंमत वाढते हे पुरुषांनी छापून मान्य केलेलं हे जगातलं एकमेव ठिकाण.

छोट्या गाडीचं सुख शारजात कळतं. आमच्या अल नाहदा भागात रात्री नऊनंतर पार्किंग शोधणं हा स्वतंत्र व्यवसाय आहे. मोठमोठ्या पेट्रोल आणि लँड क्रूझर चकरा मारत असतात (पेट्रोल हे निस्सानच्या गाडीचं नाव, ती पिते तेही तेच) आणि आम्ही खांब आणि कचऱ्याचा डबा यांच्या मधल्या फटीत गाडी घालून मोकळे. उतरताना मात्र पोट आत घ्यावं लागतं.

दुःखंही आहेत. बॅटरी दोन उन्हाळे काढते, तिसरा काढीलच असं नाही. पण ते सगळ्यांचंच. ही उष्णता शिशाच्या पत्र्यांना आतून खाते, त्यात लहानमोठं पाहत नाही. टायरची नक्षी शाबूत असली तरी बाजूला कोरलेले चार आकडे वाचायचे. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पाच वर्षं झाली की टायर बाद. नोकरीला जसं निवृत्तीचं वय असतं तसं. दम आहे की नाही हे कुणी विचारत नाही.

आमचं खास दुःख एसीचं. गाडी धावत असली की थंडगार हवा. सिग्नलला थांबली की तोच एसी कोमट फुंकर मारायला लागतो. पुन्हा धावली की पुन्हा थंड. आम्ही रस्ते अंतरावर निवडायचे सोडून सिग्नलांवर निवडायला लागलो. किराणा आणायला थेट रस्त्यानं तीन सिग्नल, वळसा घालून एक. आम्ही वळसा घ्यायचो. हिरवा दिवा पिवळा होताना दिसला की बायको पुढचं बोलणं थांबवून देवाचं नाव घ्यायची.

मग गॅरेजं सुरू झाली. शारजाच्या औद्योगिक भागांना नावं नाहीत, नंबर आहेत. त्यांतल्या गल्ल्यांत जगातल्या सगळ्या गाड्या पोट फाडून पडलेल्या असतात. एका मल्याळी मेस्त्रीनं गॅस भरला. एसी तसाच. दुसऱ्यानं कॉम्प्रेसर बदलायला सांगितला आणि जो आकडा सांगितला त्यात मला गाडीची निम्मी किंमत दिसली. तिसरा पेशावरकडचा पठाण. त्यानं बॉनेट उघडलंच नाही. गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मायेनं म्हणाला, “भाईजान, बेच दो.” चहा मात्र पाजला, कडक आणि गोड. बुर्ज खलिफा पाहायला तिकीट काढावं लागतं. हा देश ज्यांच्या हातांवर चालतो त्यांना भेटायला जुनी छोटी गाडी पुरते. नव्या गाडीवाल्याला शोरूममधल्या काउंटरपलीकडे काही दिसत नाही बिचाऱ्याला.

अशात आई-अण्णा आले. अण्णांची आख्खी नोकरी सांगलीकडच्या एसटीच्या कार्यशाळेत गेली. विमानतळावरून घरी येईपर्यंत ते गाडीबद्दल काही बोलले नाहीत, फक्त कान लावून बसले होते. खाली उतरल्यावर म्हणाले, “तीनच सिलिंडर व्हय? चौथं काय विकलं का काय?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी बॉनेट उघडायला लावलं. इंजिनावर काळं प्लास्टिकचं झाकण. “इंजान कुठाय?” झाकण काढून दाखवलं. मग डॅशबोर्ड. “टेंपरेचरचा काटा?”

“काटा नाही, अण्णा. दिवा आहे. इंजिन थंड असताना निळा लागतो, जास्त तापलं की लाल.”

“म्हंजे ताप चढताना सांगत न्हाई. एकदम मेल्यावर तार करतंय.”

दसऱ्याला गाडीची पूजा झाली. झेंडू बर दुबईहून आणला. चारही चाकांखाली लिंबं ठेवली. एक उरलं ते आईनं शेजारच्या लँड क्रूझरखाली ठेवलं, “एवढी मोठी गाडी, कुणाचं लक्ष न्हाई बिचारीकडं.” अडलं ते नारळावर. बेसमेंटमध्ये नारळ फोडू द्यायला नातूर, म्हणजे इमारतीचा रखवालदार, काही केल्या तयार होईना. “अम्माजी, कॅमेरा है.” आईनं शांतपणे नारळ जाड पिशवीत घातला, पिशवीसकट फरशीवर आपटला आणि पाण्याचा एक थेंब न सांडता अर्धी वाटी नातूरच्याच हातावर ठेवली.

पूजेनंतर पहिला प्रवास लांबचा हवा, असं ठरलं. जबल हफीत. अल ऐन शहराच्या डोक्यावरचा, ओमानच्या सीमेवरचा हा डोंगर. वर जाणारा घाट ११.७ किलोमीटरचा, त्यात साठ वळणं. १९८०मध्ये बांधलेल्या या रस्त्याला मोटारींच्या एका अमेरिकन संकेतस्थळानं जगातला सर्वोत्तम मोटाररस्ता म्हटलं होतं. लिहिणाऱ्यानं तो कुठल्या गाडीतून पाहिला असेल याचा अंदाज बांधता येतो.

पहाटे निघालो. एमिरेट्स रोड धरला, कारण त्यावर सालिक नाही. सालिक म्हणजे दुबईचा टोल. १ जुलै २००७ला सुरू झाला तेव्हा ४ दिरहम होता, २०२५पासून गर्दीच्या वेळी ६. फाटक नाही, खिडकी नाही, पावती फाडणारा नाही. कमानीखालून गेलं की काचेवरच्या चिकटपट्टीवरून पैसे आपोआप वजा होतात. अण्णांना हे पटलं नाही. “मग भांडायचं कुणाशी?”

अल ऐनच्या रस्त्याला लागल्यावर वाळूचा रंग बदलत गेला. आधी मळकट, पुढे विटकरी. दोन्हीकडे उंट रस्त्यावर येऊ नयेत म्हणून कुंपण. उजव्या लेनमधून आम्ही ट्रकवाल्यांच्या सोबतीनं निवांत चाललो होतो. डावीकडून मोठ्या गाड्या दिवे मारत, एकमेकींना हुसकावत जात होत्या. दुबईच्या हद्दीत वेगमर्यादेच्या पाटीवरच्या आकड्यात मनातल्या मनात वीस मिळवायचे, तोवर कॅमेरा उडत नाही. अबू धाबीनं ही सवलत ऑगस्ट २०१८मध्ये काढून टाकली. तिथे पाटीवर असेल तोच आकडा. दोन अमिरातींच्या सीमेवर त्यामुळे मोठ्या गाड्यांची एकदम धांदल उडते. आमची उडत नाही. ११०च्या पुढे आमचं स्टीअरिंगच थरथरायला लागतं. अबू धाबीतल्या एका महामार्गावर तर २०२३मध्ये डावीकडच्या दोन लेनमधून १२०पेक्षा हळू जाणाऱ्याला ४०० दिरहम दंड लावला होता. २०२५मध्ये तो नियम मागे घेतला. हळू चालवणं गुन्हा ठरवणारा नियम असू शकतो, हे ऐकून अण्णा पुढची दहा मिनिटं गप्प होते. एसटीत त्यांनी उलट्या कारणासाठी मेमो दिलेले पाहिले होते.

एसी झकास चालला होता. आई शाल पांघरून बसली होती. अल ऐनमध्ये शिरलो आणि दैव फिरलं. हे शहर गोल चौकांसाठी प्रसिद्ध. थांबायचं नाही, फिरत राहायचं. पण त्यांतल्या बऱ्याच चौकांचे आता सिग्नल झालेत. तिसऱ्या सिग्नलला आईनं शाल काढली.

घाटाचा पहिला टप्पा बरा गेला. मग चढ वाढला, गाडी दुसऱ्या गिअरवर आली आणि इंजिन मोठ्यानं तक्रार करायला लागलं. एसीतून गरम वारा. आठ-दहा वळणं झाली असतील-नसतील, डॅशबोर्डवर लाल दिवा.

“एसी बंद कर,” अण्णा म्हणाले. केला.

“काचा खाली.” घेतल्या. ऑक्टोबरची ऊन झळ आत आली.

“आता हीटर लाव. फुल्ल.”

बायको एरवी मला अरे-तुरे करते. सासूसासऱ्यांसमोर तिचं ‘अहो’ चालू असतं. ती अतिशय मऊ आवाजात म्हणाली, “अहो, खरंच?”

“इंजनातली उष्णता आत घ्यायची, पोरी. त्याचा ताप आपण वाटून घ्यायचा.”

वाळवंटातल्या डोंगरावर, भर उन्हात, चौघांनी मिळून हीटर खाल्ला. पायांवर भट्टी, तोंडावर भट्टी. आईनं पदर डोक्यावर घेतला आणि रामरक्षा सुरू केली. युक्ती खरी होती. पुढच्या वळणावर लाल दिवा विझला. आता गाडी ठीक आणि आतले लोक संपलेले. कडेला थांबायची जागा दिसली तशी मी गाडी घातली.

बॉनेट उघडलं. मी रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेताच अण्णांनी त्यावर असा खाडकन फटका मारला की मी पुन्हा सहावीत गेलो. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर उडतं. “हातातलं फडकं खाली ठेव. इंजान चालू ऱ्हाऊ दे, एसी लाव आणि गप ऐक.”

आम्ही ऐकलं. तेवढ्यात खालून एक सायकलस्वार आला, चढ चढत. यूएई टूर या सायकल शर्यतीमुळे हा घाट सायकलवाल्यांत प्रसिद्ध आहे. त्यानं न थांबता “ऑल गुड?” विचारलं आणि पुढच्या वळणाआड गेला. त्याला किती सिलिंडर असतील, याचा विचार आम्ही टाळला.

“पंखा फिरंना,” अण्णा म्हणाले.

तिथे सगळा उलगडा झाला. रेडिएटर आणि एसीची जाळी गाडीच्या नाकात एकामागे एक असतात. गाडी पळते तेव्हा समोरचा वारा दोघांना गार ठेवतो. थांबली किंवा रखडत चढायला लागली की हे काम विजेच्या पंख्याचं. पंखा गप्प, म्हणून सिग्नलला एसी कोमट आणि घाटात इंजिन लाल. गॅस निर्दोष होता. कॉम्प्रेसर तर हकनाक बदनाम झाला होता.

अण्णांनी फ्यूजच्या डबीचं झाकण काढलं आणि आतला नकाशा चष्मा वर-खाली करत वाचला. मग आगपेटीपेक्षा लहान असा एक काळा चौकोनी ठोकळा उपटला. रिले. शेजारून तसाच दुसरा उपटून पहिल्याच्या जागी बसवला. टक्. पंखा घरघरला आणि सुरू झाला. दहा मिनिटांत आईनं पुन्हा शाल मागितली.

“दुसरा कुठला काढलात, अण्णा?”

“हॉर्नचा. दोन्ही एकाच मापाचं असत्यात.” बॉनेट खाली आपटून ते म्हणाले, “घाटात हॉर्न लागतोय, खरंय. पण आल्यापास्नं मी हॉर्न ऐकलाच न्हाई हितं कुणाचा.”

ते खरं होतं. इथे राग दिव्यांनी व्यक्त करतात.

शिखरावर पोचलो. खाली एका बाजूला अल ऐनची खजुरीची बनं, दुसऱ्या बाजूला ओमान, आणि वाहनतळावर आमच्या गाडीच्या दुप्पट उंचीच्या गाड्या. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि थर्मासमधला चहा झाला. आईचं म्हणणं, हे लिंबांमुळे वाचलो. अण्णांचं म्हणणं, लिंबांना रिलेतलं काय कळतं. हा वाद उतारावरची साठही वळणं पुरला, म्हणून उतार कसा होता ते मला सांगता येणार नाही.

आता खरं तर नवा रिले घ्यायला हवा होता. पण पंखा उत्तम, एसी बर्फ, सिग्नलना आम्ही भीत नव्हतो. उलट थेट रस्त्यानं किराण्याला जायला लागलो होतो. रिलेचा विषय मी काढला की अण्णा म्हणत, “कशाला? वाजवायचाय का कुणाला?” एकदा एक पेट्रोलवाला मागे चिकटून दिवे मारत होता तेव्हा मी सवयीनं हॉर्न दाबला. काहीच आवाज झाला नाही. त्यालाही काही कळलं नाही आणि माझा राग जागच्या जागी जिरला.

पुढच्याच आठवड्यात पासिंग आलं. गाडी जुनी झाली की दरवर्षी तपासून घेतल्याशिवाय मुलकिया, म्हणजे नोंदणीचं कार्ड, नवं होत नाही. अण्णा हट्टानं सोबत आले. ब्रेक पास. टायर पास, चार आकड्यांसकट. खाली खड्ड्यात उभं राहून बघणाऱ्यालाही काही सापडलं नाही. मग तपासनीसानं स्टीअरिंगवर तळहात दाबला. पुन्हा दाबला. तो मल्याळी होता, घामाघूम झालेला होता, आणि मागे गाड्यांची रांग होती.

“हॉर्न किधर?”

मी काही बोलायच्या आत अण्णा पुढे झाले. “हॉर्न है. लेकिन वो अभी पंखे में काम करता है.”

त्यानं अण्णांकडे पाहिलं, बॉनेट उघडलं, डबीत डोकावलं. त्याला लगेच समजलं; समजल्याचं त्याच्या मिशीखाली दिसलंही. कागदावर नापास लिहीत तो म्हणाला, “चाचा, उसको ड्यूटी पे वापस बुलाओ. फिर आओ.”

त्याच दुपारी शारजाच्या भंगारबाजारात अण्णांनी रिले मिळवला. दुकानदार पंधरा दिरहम म्हणाला. अण्णा मराठीत पाचवर अडले, तो पश्तूत बारावर. शेवटी दहाला दोन असं ठरलं. दुसरा कशाला, असं मी विचारलं.

“वायपरचं बी लक्षण काय ठीक दिसंना,” अण्णा म्हणाले.