समिती खेदाने नोंद घेते

सकाळी झोपाळ्याच्या कड्या करकरल्या की बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याला कळतं, जिनिव्हाकाका उठले. काका जिनिव्हाला कधी गेलेले नाहीत, त्यांच्याकडे पासपोर्टही नाही. जन्म गेला एका केमिकल कारखान्यात, त्यातली निम्मी वर्षं युनियनच्या चिटणीसपदात. पण जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेबद्दल असे बोलतात, जणू तिचं ऑफिस रावपुऱ्याच्या कोपऱ्यावर आहे आणि आत सगळे ओळखीचे आहेत.

"कन्व्हेन्शन नंबर 122. रोजगार धोरणाचं, 1964 चं. भारताने मान्यता कधी दिली?" पहिला चहा आणि हा प्रश्न बरोबरच येतात. आम्ही शाळेतल्यासारखे एका सुरात म्हणतो, "17 नोव्हेंबर 1998." वाड्यातल्या पोरांना स्वतःच्या आजोबांची पुण्यतिथी सांगता येणार नाही, ही तारीख येते.

भानगड अशी आहे की या कागदाला मान्यता दिली, म्हणजे प्रत्येकाला काम मिळावं, ते उत्पादक असावं आणि त्याने स्वतःच्या मर्जीने निवडलेलं असावं, असं धोरण आखणं आलं. वर दर तीन वर्षांनी जिनिव्हाला हिशेब देणं आलं. तिथे 20 तज्ज्ञांची समिती, त्यात न्यायमूर्ती, प्राध्यापक अशी मंडळी, वर्षाअखेरीला बसून देशोदेशीचे हिशेब वाचते. 1926 पासून हे चालू आहे. ही समिती ना दंड करते, ना कुणाला आत टाकते. ती नोंद घेते. काम फत्ते झालं तर समाधानाने, होईलसं दिसलं तर स्वारस्याने, आणि आनंदीआनंद असेल तर खेदाने. मग अधिक माहितीची विनंती करते.

ही भाषा काकांच्या जिभेवर अशी बसली आहे की घरात दुसरी चालत नाही. आमटीत मीठ जास्त पडलं की, "समिती खेदाने नोंद घेते." पुरणपोळीची समाधानाने घेतात, तीही तिसऱ्या पोळीनंतर. एकदा शेव-उसळीच्या गाडीवर तरी पांचट लागली, तेव्हा गाडीवाल्याला अस्सल बडोदेकर गुजरातीत त्यांनी अधिक तपशिलाची विनंती केली. त्याने मुकाट्याने दोन पळ्या तरी वर ओतली. "बघ," मला म्हणाले, "देखरेख ही अशी चालते."

वाड्याला रंग द्यायचा होता तेव्हा काकांनी कलम 3 काढलं, ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांच्याशी सल्लामसलत. सल्लामसलत दोन पावसाळे चालली. रंग अजून जुनाच आहे.

काकांना पुरून उरल्या त्या फक्त काकू. भांडी घासायला येणाऱ्या बाईंनी एकदा रविवारची सुट्टी मागितली. काकांची पंचाईत झाली, कारण घरकामगारांचंही कन्व्हेन्शन आहे, नंबर 189, 2011 चं, आणि आठवड्याची सुट्टी त्यात स्पष्ट लिहिलेली आहे. क्षणभर विचार करून काका सुटल्यासारखे म्हणाले, "पण याला भारताने अजून मान्यता दिलेली नाही."

"भारताचं भारत बघेल," काकू म्हणाल्या. "या घराने दिली."

तेव्हापासून रविवारी मोरीपुढे पाटावर काका बसतात. कढईचा तळ दोनदा घासायला लावून काकू खेदाने नोंद घेतात.

मी एकदा वैतागून विचारलं, "काका, ती समिती शेवटी करते काय?"

"विचारते."

"आणि आपण?"

"कळवतो."

"मग?"

"मग ती पुन्हा विचारते."

मला हसू आलं. काकांना आलं नाही. "1919 साली वॉशिंग्टनला पहिली परिषद भरली. आपले नारायण मल्हार जोशी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले होते. जगाला आठवड्याचे 48 तास ठरले, हिंदुस्थानच्या गिरणीकामगाराला 60. त्याचे 48 करायला विचारत राहावंच लागलं ना?"

माझा भाचा इंजिनियर होऊन दोन वर्षं घरी होता. परीक्षा देत होता. नातेवाइकांनी लाजेकाजेस्तव विचारणं सोडलं होतं. लग्नकार्यात तो दिसला की लोक हवापाण्यावर बोलत. काका मात्र दर महिन्याच्या 1 तारखेला त्याला गाठून विचारत, "काय प्रगती?" पोरगा चिडायचा, पण त्या दिवशी वाड्यात हजर असायचा. एकदा त्याला सयाजीबागेत संकल्पभूमीवर घेऊन गेले. 1917 साली बाबासाहेब परदेशातून एवढं शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झाले आणि या शहरात जातीपायी त्यांना डोकं टेकायला जागा मिळाली नाही, हे त्यांनी त्याला तिथे उभं करून सांगितलं. "पुढे 1942 ला व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं त्यांच्याकडे आलं," एवढंच वर जोडलं. परतताना दोघांनी शेंगा खाल्ल्या. उपदेश केला नाही, हे भाच्यानेच आश्चर्याने सांगितलं.

गेल्या वर्षी त्याला मकरपुऱ्यात नोकरी लागली. कंत्राटी, 11 महिन्यांची. पेढे घेऊन तो पहिला काकांकडे गेला. काकांनी पेढा घेतला, तोंडात मात्र टाकला नाही.

"तुझ्या मर्जीची?"

"नाही काका. पण लागली."

झोपाळा जरा वेळ नुसताच हलत राहिला. मग काकांनी पेढा खाल्ला आणि म्हणाले, "समिती स्वारस्याने नोंद घेते."

समाधानाने नाही म्हणाले. भाच्याच्याही ते लक्षात आलं.

ते 11 महिने येत्या मार्चमध्ये संपतात. कालनिर्णयावर काकांनी लाल पेनने गोल करून ठेवला आहे.