कोणत्या मामाचा तलाव?

आम्ही पोथीवाले. पहिलं पान सोडून मधलं वाचलं तर पाप लागेल, अशी भीती. चौथीतली नात मात्र ‘परिसर अभ्यास’ उघडते ती थेट ‘माहीत आहे का तुम्हांला?’ या चौकटीवरच उतरते. धडा मग, सवड मिळाली तर. तिला रागावताही येत नाही. लिहिणाऱ्यांनी गोड घास त्या चौकटीतच ठेवलेला असतो.

माझं तिसरीचं भूगोलाचं पुस्तक तिला सापडलं, तेव्हा ती विजयी मुद्रेनं आली. “आबाजी, नकाशा चुकला! गोंदिया भंडाऱ्यातच दाखवलं.” पुस्तक कधी छापलं ते कुठे पाहायचं, हे मग मी दाखवलं. गोंदिया जिल्हा वेगळा झाला १ मे १९९९ ला. पुस्तक बिचारं त्याच्या कितीतरी आधीचं.

परवा शाळेतून प्रकल्प आला : ‘आपल्या गावचा तलाव’. आमच्या दिघोरीत तलावाची वानवा नाही. फोटो काढून झाला. त्यात तलाव होता, पण लांब, एका म्हशीच्या पोटाखाली. खाली सुंदर अक्षरात ‘आमचा तलाव’. आजीनं चष्मा सरकवला. “मंग म्हैस लिव ना खाली!” फोटो पुन्हा काढावा लागला. म्हैस नाराज दिसली.

मजकुराची सुरुवात होती ‘एकदा एक तलाव होता’. आहे की अजून, म्हटलं. तेवढ्यात आजीच सांगत सुटली : पाऊस आला, पाळीनं पाणी अडवलं, तलाव भरला, जास्तीचं सलंगावरून, म्हणजे सांडव्यावरून, गेलं, रोवणीला पाणी सोडायचं तुडुम उघडलं, पाणी धानाच्या बांधीत. पाणी जसं जातं तसंच तिचं बोलणं. नातीनं मध्ये मध्ये फक्त उपशीर्षकं ठोकली, आणि ‘तुडुम’ला ठळक शाई.

अडलं ते ‘मामा तलाव’पाशी. “कोन्या मामाचा?” मालगुजारांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, काळातले हे तलाव, त्यातले कित्येक बांधले कोहळी समाजानं. पुढे मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि ‘माजी मालगुजारी’तले दोन ‘मा’ कागदोपत्री एकत्र नांदू लागले. तिनं मान डोलावली.

प्रकल्पाच्या शेवटच्या पानावर शब्दार्थ आहेत. त्यातला एक :

मामा – माजी मालगुजारी. (माझे मामा वेगळे. ते नागपूरला राहतात. त्यांच्याकडे तलाव नाही.)